ब्रेक्झिट: मतपत्रिकेवर एक प्रश्न, मतदारांच्या मनात अनेक

प्रश्न असा आहे: २०१६ साली युरोपीय महासंघ सोडण्याच्या बाजूने मत देणाऱ्या ब्रिटिश मतदारांना नेमके काय हवे होते, विरोधात मत देणाऱ्यांना कसली धास्ती होती, आणि आज हिशेब मांडला तर कोणाचे किती खरे ठरले? याला ‘ब्रेक्झिट फसले’ किंवा ‘ब्रेक्झिट साधले’ असे दोन शब्दांचे उत्तर सर्रास दिले जाते. त्या उत्तरात मतदारांवर अन्याय होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२३ जून २०१६ ला १,७४,१०,७४२ जणांनी ‘सोडावे’ आणि १,६१,४१,२४१ जणांनी ‘राहावे’ असे मत दिले. टक्क्यांत ५१.९ विरुद्ध ४८.१. मतदान ७२.२ टक्के झाले. त्याच दिवशी जनमत चाचण्या करणाऱ्या लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या पाहणीत मत देऊन आलेल्या १२,३६९ जणांना त्यांच्या मतामागचे मुख्य कारण विचारले गेले. ‘सोडावे’वाल्यांपैकी ४९ टक्के म्हणाले की ब्रिटनचे निर्णय ब्रिटनमध्येच व्हावेत. ३३ टक्क्यांना स्थलांतरावर आणि सीमांवर स्वतःचे नियंत्रण हवे होते. १३ टक्क्यांना महासंघ पुढे कुठवर हातपाय पसरेल याची भीती होती. बाहेर पडल्याने व्यापार आणि अर्थव्यवस्थेचे भले होईल, हे मुख्य कारण सांगणारे फक्त ६ टक्के होते.

उलट ‘राहावे’वाल्यांपैकी ४३ टक्क्यांना नोकऱ्या, किमती आणि अर्थव्यवस्थेवरचा धोका फार मोठा वाटत होता. युरोपवरच्या आपुलकीपोटी मत दिले असे सांगणारे जेमतेम ९ टक्के. म्हणजे एक बाजू अधिकाराबद्दल बोलत होती आणि दुसरी पैशाबद्दल. दोघांनी एकाच मतपत्रिकेवर फुली मारली, पण वाद दोन वेगळ्या गोष्टींचा होता. ‘तुमचे नुकसान होईल’ हा इशारा अनेकांवर चालला नाही, त्याचे हेच कारण आहे. काही नुकसान सोसायची तयारी ठेवूनच त्यांनी मत दिले होते.

आता मूळ मुद्दा. महासंघाचे सदस्यत्व ही एक सलग वस्तू नव्हती. त्यात चार वेगळ्या यंत्रणा एकत्र बांधलेल्या होत्या. पहिली सीमाशुल्क संघाची: आपसांत आयातशुल्क नाही, बाहेरच्या मालावर सर्वांचे शुल्क सारखे, आणि म्हणून कोणत्याही सदस्याला स्वतंत्र व्यापार करार करता येत नाही. दुसरी एकल बाजारपेठेची: मालाचे नियम सर्वत्र एकच, आणि माल, सेवा, भांडवल व माणसे या चारही गोष्टींना मोकळी वाट. तिसरी सामाईक अर्थसंकल्पाची. चौथी सामाईक कायद्याची आणि त्यावर अंतिम निवाडा देणाऱ्या लक्झेंबर्गच्या न्यायालयाची. या यंत्रणा सुट्या करता येतात. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे पण सीमाशुल्क संघात नाही. तुर्कस्तानचा औद्योगिक माल सीमाशुल्क संघात आहे, पण तो देश एकल बाजारपेठेत नाही. मतपत्रिकेवर मात्र ‘राहावे’ की ‘सोडावे’ एवढेच विचारले होते. सोडायचे तर यांपैकी काय सोडायचे, हे ठरवण्याची संधी मतदाराला मिळालीच नाही.

म्हणून कोणतीही आशा तपासताना मी दोन गोष्टी बघतो. ती आशा कोणत्या यंत्रणेवर अवलंबून होती? आणि बाहेर पडल्याने त्या यंत्रणेची दोरी खरोखर लंडनच्या हातात आली का?

सर्वांत मोठी अडचण अशी की तीन लोकप्रिय इच्छा एकमेकींशी जुळत नव्हत्या. युरोपातून येणाऱ्यांवर नियंत्रण हवे असेल तर एकल बाजारपेठ सोडावी लागते. स्वतंत्र व्यापार करार हवे असतील तर सीमाशुल्क संघ सोडावा लागतो. पण उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यामधल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर तपासणी नको असेल, तर या दोन्ही यंत्रणांचे नियम निदान तिथे तरी चालू ठेवावे लागतात. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर त्या सीमेवर पुन्हा चौक्या उभारणे कोणालाच परवडणारे नव्हते. १७ जानेवारी २०१७ ला लँकेस्टर हाऊसच्या भाषणात तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी पहिल्या दोन इच्छा निवडल्या. पुढची तीन वर्षे ब्रिटिश संसद तिसरीत अडकून पडली. १५ जानेवारी २०१९ ला त्यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला, तो मुख्यतः याच पेचापायी. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी मग तपासणीची रेषा उचलून आयरिश समुद्रात नेली. म्हणजे ग्रेट ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाणारा माल हा एकाच देशात फिरणारा माल असूनही त्याला कागद लागू लागले. महासंघाशी ठरलेल्या फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने हिरवी आणि लाल अशा दोन मार्गिका आखल्या. उत्तर आयर्लंडमध्येच विकला जाणारा माल नोंदणीकृत व्यापाऱ्याने पाठवला तर कागद कमी, आणि पुढे प्रजासत्ताकात जाण्याची शक्यता असेल तर पूर्ण सोपस्कार. हिरव्या मार्गिकेतल्या अनेक खाद्यपदार्थांवर ‘महासंघासाठी नाही’ असा शिक्का छापावा लागतो. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी ‘राहावे’ म्हटले होते हेही इथे नोंदवले पाहिजे.

आता व्यापाराची शंका. ‘आयातशुल्क शून्य आहे, मग त्रास कसला?’ असे अनेक जण विचारतात. ३० डिसेंबर २०२० ला सह्या झालेल्या व्यापार व सहकार्य करारात शुल्क शून्य आहे आणि कोट्याची मर्यादाही नाही, हे खरे. पण ते शून्य मिळवण्यासाठी काय करावे लागते ते बघा.

समजा इंग्लंडमधला एक छोटा उत्पादक फ्रान्समधल्या दुकानाला चीज पाठवतो. २०२० अखेरपर्यंत त्याला बीजक आणि गाडी एवढेच लागत होते. १ जानेवारी २०२१ पासून त्याला आणि घेणाऱ्यालाही ईओआरआय हा व्यापारी नोंदणी क्रमांक लागतो. मालाचा वर्गीकरण क्रमांक अचूक लिहावा लागतो, कारण शुल्क आणि तपासणी त्यावरच ठरते. प्राणिजन्य पदार्थ असल्याने अधिकृत पशुवैद्यकाने माल पाहून सही केलेले निर्यात आरोग्य प्रमाणपत्र लागते, तेही जिथे माल उतरणार त्या देशाच्या भाषेत. ब्रिटनच्या बाजूने निर्यात घोषणापत्र, फ्रान्सच्या बाजूने आयात घोषणापत्र, आणि माल पोहोचण्याआधी ‘ट्रेसेस’ या युरोपीय प्रणालीवर पूर्वसूचना. माल ब्रिटिश मूळाचा आहे असे निवेदन बीजकावर ठराविक शब्दांत द्यावे लागते, नाहीतर शून्य शुल्काचा हक्क जातो. शिवाय गाडी कोणत्याही बंदरातून नेता येत नाही. पशुवैद्यकीय तपासणी चौकी असलेल्याच ठिकाणाहून ती न्यावी लागते.

मोठ्या कंपनीचा चाळीस फुटी ट्रक एकाच मालाने भरलेला असतो, म्हणून एका प्रमाणपत्राचा खर्च हजारो किलोंवर विभागला जातो. छोट्या उत्पादकाचा माल दहा जणांच्या मालाबरोबर एकाच गाडीत जातो. त्यातल्या एकाच्या कागदावर क्रमांक चुकला, सही राहिली किंवा वजन जुळले नाही, तर बाकी नऊ जणांचा मालही चौकीवर अडकतो. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडमधून जाणाऱ्या ताज्या मासळीचे नेमके हेच झाले. मासळीला एक दिवसाचा उशीर म्हणजे भाव पडणे आणि दोन दिवसांचा उशीर म्हणजे माल फुकट. त्यामुळे वाहतूकदारांनी अशा मिश्र खेपा घेणेच काही काळ थांबवले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की आधी महासंघाला माल विकणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांपैकी सुमारे १४ टक्के कंपन्यांनी ती निर्यात बंद केली. त्या बहुतांश छोट्या होत्या. मोठ्या कंपन्यांनी कस्टम्सचा विभाग वाढवला आणि त्या टिकल्या. ‘व्यापार कोसळेल’ ही भीती आणि ‘काहीच बिघडणार नाही’ ही खात्री, दोन्ही यामुळे अपुऱ्या ठरल्या. एकूण आकडा फारसा डगमगताना दिसत नाही, आणि त्याच्या आत लहान उद्योजक गळून जातात.

मूळाचा नियम थोडा अधिक समजून घ्यावा, कारण भारतीय व्यापाऱ्यांचाही त्याच्याशी थेट संबंध येतो. शून्य शुल्क मिळते ते ब्रिटनमध्ये किंवा महासंघात ‘उपजलेल्या’ मालालाच. भारतातून आणलेले कपडे ब्रिटनमध्ये शुल्क भरून उतरवले आणि नंतर डब्लिनच्या दुकानाला विकले, तर आयर्लंडमध्ये पुन्हा शुल्क लागते. फक्त पाकिटे भरणे, निवडणे, लेबल लावणे याने मूळ बदलत नाही. भारतातून बिनपॉलिशचा बासमती आणून तो ब्रिटनमध्ये पॉलिश केला आणि युरोपला पाठवला, तरी तो ब्रिटिश मूळाचा ठरत नाही, कारण तांदळासाठी धान्य तिथेच पिकलेले असावे लागते. ब्रिटनला युरोपचे वखारघर म्हणून वापरणाऱ्या अनेक आशियाई घराण्यांच्या व्यवसायाला या एका नियमाने धक्का दिला. उलट दिशेनेही तेच घडते. नाशिकची द्राक्षे रॉटरडॅमला उतरवून मागणीप्रमाणे ब्रिटनला वळवणे पूर्वी अगदी सोपे होते, आता मध्ये एक कस्टम्स सीमा आहे. कीटकनाशकांच्या उर्वरित अंशांच्या मर्यादाही वेगळ्या होत चालल्या आहेत. ग्रेट ब्रिटनने २०२० अखेरची युरोपीय यादी जशीच्या तशी उचलली, पण त्यानंतरचे बदल दोन्हीकडे स्वतंत्रपणे होतात, आणि उत्तर आयर्लंडला युरोपची यादीच लागू आहे. निर्यातदाराने फवारणीचे वेळापत्रक आखतानाच दोन्ही याद्या समोर ठेवाव्यात आणि जी मर्यादा कडक असेल ती पाळावी.

आयातीच्या बाजूने ब्रिटन स्वतःच कचरत राहिला. युरोपातून येणाऱ्या अन्नाची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली गेली. शेवटी ३१ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्रे आणि ३० एप्रिल २०२४ पासून प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. डोव्हर बंदरातून किंवा युरोटनेल या समुद्राखालच्या बोगद्यामार्गे येणाऱ्या अशा मालावर प्रत्येक प्रकारामागे १० किंवा २९ पौंडांचा आकार लागतो, एका खेपेला कमाल १४५ पौंड. ज्या मतदाराला ‘आपल्या सीमा आपल्या ताब्यात’ हव्या होत्या, त्याच्या पदरात सीमेचा अर्धा भाग तीन वर्षांहून जास्त उशिराने पडला. सरकारला महागाईची भीती वाटत होती, हे त्याचे कारण.

‘सोडावे’वाल्यांच्या प्रचारबसवर रंगवलेल्या ३५ कोटी पौंडांबद्दल बोलायलाच हवे. ‘दर आठवड्याला महासंघाला ३५ कोटी पौंड जातात, ते आरोग्यसेवेला देऊ’ असा त्या घोषणेचा रोख होता. २०१५ चा हिशेब असा होता: सवलत धरल्याशिवायची रक्कम १७.८ अब्ज पौंड, मार्गारेट थॅचर यांच्या काळापासून मिळणारी सवलत ४.९ अब्ज, म्हणजे प्रत्यक्ष भरणा १२.९ अब्ज. त्यातले ४.४ अब्ज शेती आणि मागास भागांच्या निधीतून सरकारी तिजोरीमार्फत परत येत. निव्वळ ८.५ अब्ज उरले, म्हणजे आठवड्याला साधारण १६ कोटी पौंड. सवलतीची रक्कम ब्रिटनमधून बाहेर जातच नव्हती, आणि देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने या घोषणेला दिशाभूल करणारी म्हटले होते. तरीही यातली एक गोष्ट मान्य केली पाहिजे: अर्थसंकल्पाची दोरी खरोखर लंडनच्या हातात आली. आरोग्यसेवेला नंतर पैसा वाढवून मिळालाही, पण तो करांतून आणि कर्जातून आला. आणि जो पैसा परत येत होता त्याची जागा भरावी लागली. कॉर्नवॉलला युरोपचा मोठा निधी मिळत होता, तिथे ५६.५ टक्क्यांनी ‘सोडावे’ म्हटले. वेल्समधल्या ब्लाइनाय ग्वेंटमध्ये युरोपीय निधीतून रस्ते आणि महाविद्यालय उभे राहिले होते, तिथे ६२ टक्क्यांनी. या लोकांना कृतघ्न म्हणणे मला अजिबात पटत नाही. पोलाद आणि कोळसा गेल्यावर युरोपीय निधीचे फलक लावलेल्या इमारती आल्या, टिकाऊ पगार आले नाहीत. त्यांचा राग महासंघाचे मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्सवर कमी आणि लंडनवर जास्त होता, आणि तो दाखवायला त्यांना हीच एक संधी मिळाली.

मच्छीमारांची आशा सगळ्यांत स्पष्ट होती: आपल्या पाण्यात आपली मासळी. ग्रिम्सबी हे मासेमारीचे बंदर ज्या परिसरात येते तिथे जवळपास ७० टक्के मते ‘सोडावे’ला पडली. करारानुसार ब्रिटिश पाण्यात युरोपीय बोटी जेवढ्या किमतीची मासळी पकडत होत्या त्यातला २५ टक्के हिस्सा साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे यायचा होता. त्यांनी मागितले होते त्याहून हे फार कमी होते. कारण विक्रीच्या बाजूला आहे. ब्रिटिश बोटी पकडतात ती मासळी बरीचशी युरोपात विकली जाते, आणि ब्रिटिश लोक खातात तो कॉड व हॅडॉक बराचसा बाहेरून येतो. पाणी आपले असले तरी गिऱ्हाईक समोरच्या काठावर आहे. शिंपल्यांचे उदाहरण सर्वांत बोलके. समुद्राच्या पाण्याची प्रत ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी ठरवली जाते. ‘ब’ प्रतीच्या पाण्यातले जिवंत शिंपले खाण्यापूर्वी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत सुमारे ४२ तास ठेवून शुद्ध करावे लागतात. पूर्वी ते तसेच युरोपात पाठवून तिथल्या टाक्यांत शुद्ध केले जात. बाहेरच्या देशाला ही मुभा नाही, म्हणून वेल्स आणि नैऋत्य इंग्लंडमधल्या अनेकांची निर्यात एका रात्रीत थांबली. हा नियम नवा नव्हता. सदस्य असताना ब्रिटनला तो लागू होत नव्हता, एवढेच.

शेतकऱ्यांचेही तसेच. जमिनीच्या क्षेत्रफळावर मिळणारे युरोपीय अनुदान इंग्लंडमध्ये २०२१ पासून कमी करत आणले आणि त्याऐवजी माती, झाडे, पाणी यांच्या संवर्धनासाठी पैसे देण्याची योजना आणली. धोरण म्हणून मला ती जुन्यापेक्षा बरी वाटते, कारण जुन्या पद्धतीत ज्याची जमीन जास्त त्याला पैसा जास्त मिळत होता. डोंगराळ भागातल्या मेंढपाळांना मात्र उत्पन्नाचा मोठा भाग गमवावा लागला. फळे तोडायला पूर्व युरोपातले मजूर मिळेनासे झाले, तेव्हा हंगामी व्हिसा २०१९ मधल्या २,५०० वरून २०२१ मध्ये ३०,००० पर्यंत न्यावे लागले.

यातून स्थलांतराकडे येतो. लिंकनशरमधल्या बॉस्टनमध्ये ७५.६ टक्क्यांनी ‘सोडावे’ म्हटले, देशातला हा सर्वांत मोठा आकडा. भाजीपाल्याच्या शेतांसाठी आलेल्या पूर्व युरोपीय लोकांमुळे दहा-बारा वर्षांत गावाचा चेहरा बदलला होता, आणि दवाखाने, शाळा, घरे त्या वेगाने वाढली नव्हती. १ जानेवारी २०२१ पासून मुक्त संचार थांबला आणि सर्व देशांसाठी गुणांवर आधारित पद्धत आली. कायद्याने पाहिले तर हे आश्वासन पूर्ण झाले. पण संख्या किती ठेवायची हा वेगळा निर्णय होता, आणि सरकारांनी विद्यार्थी, वृद्धसेवा आणि आरोग्यसेवा यांसाठी दारे उघडली. २०१५ मध्ये निव्वळ स्थलांतर सुमारे ३ लाख ३३ हजार मोजले गेले होते, ते २०२३ पर्यंत ९ लाखांच्या वर गेले, आणि त्यात भारतीयांचा वाटा मोठा होता. नंतर नियम आवळल्यावर ते झपाट्याने उतरले. ज्यांनी संख्या कमी व्हावी म्हणून मत दिले त्यांना ही फसवणूक वाटली, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. नियंत्रण हातात आल्याने संख्या आपोआप कमी होत नाही, हे त्यांना प्रचारात कोणी सांगितले नव्हते.

ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या मतदारांची आशा याच्या नेमकी उलटी होती. युरोपीय लोक मोकळे येतात म्हणून आमच्या नातेवाइकांना आणि स्वयंपाक्यांना व्हिसा मिळत नाही, युरोपचे दार मिटले की आमचे उघडेल, असे त्यांना सांगितले गेले. तेव्हाच्या रोजगार मंत्री प्रीती पटेल यांनी मे २०१६ मध्ये करी हाऊस, म्हणजे भारतीय पद्धतीची उपाहारगृहे, वाचवण्याच्या नावाने हाच प्रचार केला. त्याचा काही परिणाम झाला: आशियाई मतदारांपैकी ६७ टक्के ‘राहावे’च्या बाजूने असले तरी स्लाऊ आणि लूटन या दक्षिण आशियाई वस्ती मोठी असलेल्या शहरांत ‘सोडावे’ला बहुमत मिळाले. पुढे विद्यार्थी, डॉक्टर, परिचारिका आणि संगणक अभियंते यांना वाट मोकळी झाली, उपाहारगृहांना मात्र नाही. कुशल कामगाराच्या व्हिसासाठी किमान पगाराची सर्वसाधारण अट २०२१ मध्ये २५,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० झाली. शिवाय काम पदवीच्या तोडीचे असावे लागते. साध्या उपाहारगृहाच्या स्वयंपाक्याला ते दार जवळपास बंदच झाले.

याच मतदारांना २०१४ ची हापूसवरची बंदीही आठवत होती. फळमाशी आढळल्याने महासंघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि चार भाज्यांची आयात रोखली. लंडन आणि लेस्टरच्या दुकानदारांना वाटले, ब्रुसेल्सच्या बाबूंना आंब्याचे काय कळते, निर्णय आपल्याकडे असता तर असे झाले नसते. प्रत्यक्षात ब्रिटनच्या स्वतःच्या पर्यावरण व अन्न खात्याने त्या बंदीचे समर्थन केले होते, कारण काचघरांतल्या ३२ कोटी १० लाख पौंडांच्या टोमॅटो-काकडीच्या पिकाला त्या माशीचा धोका होता. बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठवण्याचे ठरले ते भारताने तपासणी आणि उष्णजल प्रक्रिया सुधारल्यावर. वाशीसारख्या केंद्रात ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे आंबा ठेवला की माशीची अंडी-अळी मरते. एखादा नियम ‘त्यांचा’ आहे असे वाटते तेव्हा आपल्या देशाने त्या बैठकीत कोणत्या बाजूने हात वर केला होता, हे आधी शोधावे.

मतदान कोणाला करता आले, याचाही परिणाम झाला. संसदीय निवडणुकीची मतदारयादी वापरल्याने ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होते, म्हणून भारतीय पासपोर्टवर शिकायला आलेल्या विद्यार्थ्यालाही होते. फ्रान्स, पोलंड, पोर्तुगालच्या नागरिकांना नव्हते. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांना याचा चटका बसला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि त्या आधारे अनेक जण स्विंडनच्या गोदामांत आणि कारखान्यांत कामाला गेले. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोमंतकीयाला मत नव्हते, आणि त्याच घरात भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या त्याच्या पत्नीला होते. स्विंडनने ५४.७ टक्क्यांनी ‘सोडावे’ म्हटले.

ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत त्यांच्यासाठी नेमकी स्थिती अशी. ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये राहत असलेल्या महासंघाच्या नागरिकांना महासंघ वसाहत योजनेखाली दर्जा मिळतो, त्यासाठी अर्जाची मुदत ३० जून २०२१ होती. सलग पाच वर्षे झालेल्यांना कायम दर्जा, इतरांना तात्पुरता. हा दर्जा फक्त संगणकावर असतो, कार्ड मिळत नाही. म्हणून पासपोर्टचे नूतनीकरण झाले की नवा क्रमांक आपल्या खात्याला जोडावा, नाहीतर विमानतळावर आणि नोकरीच्या तपासणीत अडचण येते. कायम दर्जा असलेली व्यक्ती सलग पाच वर्षांहून जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिली तर दर्जा जातो. गोव्यातल्या पतीला किंवा पत्नीला याच योजनेतून नेता येते, पण नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असावे लागते. त्यानंतर लग्न झाले असेल तर नेहमीचा, पगाराची अट असलेला कौटुंबिक व्हिसा. आणि आज नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढून ब्रिटनमध्ये कामाचा हक्क मिळत नाही. मिळतो असे सांगणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नये.

‘राहावे’वाल्यांच्या आर्थिक शंकांमध्ये दोन थर होते आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. अर्थखात्याने मे २०१६ मध्ये सांगितले की ‘सोडावे’ असा कौल लागताच वर्षभर मंदी येईल आणि बेकारी पाच लाखांनी वाढेल. तसे झाले नाही. पौंड एका रात्रीत सुमारे १.५० डॉलरवरून १.३३ च्या आसपास आला आणि आयात महागली, पण नोकऱ्या टिकल्या. कौलाने व्यापाराचा एकही नियम लगेच बदलला नव्हता, आणि बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्टमध्ये व्याजदर ०.२५ टक्क्यावर आणला. हा अंदाज फसल्यामुळे दुसरी, सावकाश होणाऱ्या नुकसानीची शंकाही लोकांनी उडवून लावली, आणि ती खरी होती. सरकारी हिशेबांचे स्वतंत्र अंदाज देणाऱ्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाच्या मते दीर्घकाळात उत्पादकता महासंघात राहिल्यापेक्षा ४ टक्क्यांनी कमी राहील. आता नव्या करारांचे वजन पाहा: २४ जुलै २०२५ ला सह्या झालेल्या भारत-ब्रिटन कराराने ब्रिटनचे सकल उत्पादन दीर्घकाळात ०.१३ टक्क्याने वाढेल असे ब्रिटिश सरकारच सांगते. स्कॉच व्हिस्कीवरचे १५० टक्के शुल्क ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर येणार आहे, भारताच्या ९९ टक्के मालाला तिथे शुल्क माफ होणार आहे. भारतासाठी हा करार मोलाचा आहे. ब्रिटनसाठी तो शेजारच्या बाजारपेठेची जागा घेऊ शकत नाही, कारण त्याची सुमारे ४२ टक्के निर्यात अजूनही महासंघालाच जाते.

काही गोष्टी बाहेर पडल्यामुळेच शक्य झाल्या, त्याही सांगतो. सॅनिटरी पॅडवरचा मूल्यवर्धित कर १ जानेवारी २०२१ ला शून्य झाला. कत्तलीसाठी जिवंत जनावरे परदेशी पाठवण्यावर २०२४ मध्ये बंदी आली. २०२५ मध्ये अमेरिकेने शुल्क लावले तेव्हा ब्रिटनच्या वाट्याला मूळ दर १० टक्के आला आणि महासंघाच्या वाट्याला १५. लशीचे श्रेय मात्र ब्रेक्झिटला देऊ नये. २ डिसेंबर २०२० ला फायझरच्या लशीला दिलेली तातडीची मंजुरी युरोपीय कायद्यातल्या तरतुदीखालीच दिली होती, आणि ब्रिटन तेव्हा संक्रमणकाळात, म्हणजे बाहेर पडूनही जुने नियम चालू असलेल्या काळात, असल्याने तो कायदा त्याला लागू होता.

जनमत आता बदलले आहे. यूगव्ह या जनमत चाचणी संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या पाहणीत सोडण्याचा निर्णय योग्य होता म्हणणारे ३० टक्के होते आणि चूक होती म्हणणारे ५५ टक्के. त्यावरून लोक परत जायला तयार आहेत असा अर्थ काढण्याची घाई करू नये, कारण परत जायचे तर जुनी सवलत मिळण्याची खात्री नाही आणि मुक्त संचार पुन्हा मान्य करावा लागेल. १९ मे २०२५ ला लंडनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने महासंघाशी जे ठरवले त्यात मधली वाट दिसते. अन्न आणि वनस्पतींच्या आरोग्यविषयक नियमांवर समझोता करायचा, ज्यामुळे वर सांगितलेल्या चीजवाल्याचे पशुवैद्यकीय प्रमाणपत्र आणि बरीच तपासणी जाईल. बदल्यात ब्रिटनने त्या क्षेत्रातले युरोपीय नियम बदलतील तसे पाळायचे, आणि त्यांच्या अर्थाबद्दल वाद झाला तर लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा शब्द अंतिम. नियम ठरवताना ब्रिटनला मत नसेल. छोट्या निर्यातदाराला यात खरा दिलासा आहे. निर्णय देशातच व्हावेत म्हणून मत दिलेल्या ४९ टक्क्यांना मात्र हे नेमके तेच वाटते ज्यातून त्यांना बाहेर पडायचे होते. मच्छीमारांचा राग तर उघड आहे: त्याच बैठकीत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यातला प्रवेश २०३८ पर्यंत वाढवून देण्यात आला.